नाना किल्ली देताहेत

नाना गेले तेव्हा मागे वाटण्यासारखं फार काही नव्हतं, त्यामुळे वाटणी अतिशय प्रेमानं पार पडली. दोन खोल्यांचं घर भाड्याचं होतं, ते भाड्याचंच राहिलं. लोखंडी कपाट जागचं हलत नव्हतं, म्हणून कोणी मागितलं नाही. राहता राहिलं नानांचं मनगटी घड्याळ. त्यावर धाकट्या बहिणीनं, म्हणजे बेबीनं, डोळ्यांना रुमाल लावून सांगितलं की ते दादालाच जायला हवं, थोरला तोच. बेबीचे केस आता पांढरे व्हायला लागले आहेत, पण एकदा घरात बेबी झालेलं माणूस सहजासहजी मोठं होत नाही. तिच्या त्यागाचं सगळ्यांनी कौतुक केलं आणि दादांच्या हातात घड्याळ आलं.

दादा चष्म्याच्या दुकानात कामाला होते. कोणी विचारलं तर ‘ऑप्टिकल लाइनमध्ये आहे’ असं सांगायचे. वाकलेल्या काड्या सरळ करायच्या, काचा घासून फ्रेमीत बसवायच्या, डोळ्यांना नीट दिसणारही नाहीत असले स्क्रू पिळायचे आणि आरशासमोर बसलेल्या गिऱ्हाइकाला ‘हीच फ्रेम तुम्हाला शोभते’ असं सांगायचं, हे त्यांचं काम. कुठल्याही चेहऱ्याला हे वाक्य सांगताना त्यांचा स्वतःचा चेहरा हलत नसे, आणि हे सोपं नव्हे. दुकानात त्यांच्या हाताला मान होता. लोक चष्मा घेऊन यायचे आणि ‘तुम्हीच बघा, दुसऱ्याला देऊ नका’ म्हणायचे.

घरात मात्र त्यांचा हात बदनाम होता. त्याचं कारण नाना, आणि नानांचं कारण हेच घड्याळ.

नाना बस डेपोत गाड्या सोडायचे. गळ्यात शिट्टी, हातात पाटी आणि समोर बोंबलणारं जग. गाडी उशिरा सुटली तर प्रवासी अंगावर यायचे, वेळेवर सुटली तर चहा अर्धा राहिलेले ड्रायव्हर अंगावर यायचे. असा हा माणूस रोज सकाळी आंघोळ झाली की खिडकीपाशी खुर्ची ओढायचा, घराकडे पाठ करून बसायचा आणि मनगटावरचं घड्याळ काढून त्याला किल्ली द्यायचा. आईनं ओठांवर बोट ठेवलं की घर थांबलं. ‘गप्प बसा, नाना किल्ली देताहेत.’ रडणारं मूल रडणं गिळायचं. रेडिओ बंद व्हायचा. शेजारीण वाटी घेऊन दारात आली तर आल्या पावली परत जायची, आणि नंतर आपल्या घरी सांगायची की माणूस असावा तर असा शिस्तीचा.

या शांततेमागे शास्त्र होतं. किल्लीच्या फेऱ्या मोजून द्याव्या लागतात, मोजणी चुकली तर आतली स्प्रिंग तुटते, असं घरात मानलं जाई. स्प्रिंग तुटली की घड्याळ गेलं, घड्याळ गेलं की डेपो कोलमडला, आणि डेपो कोलमडला की मग माणसांनी कुठं जायचं आणि कसं जायचं. एवढी जबाबदारी दोन बोटांच्या चिमटीत असल्यावर पोरांनी श्वास रोखायचा नाही तर काय करायचं?

दादा आठ-नऊ वर्षांचे असतील तेव्हाची गोष्ट. एके सकाळी सगळं धैर्य गोळा करून ते त्या खुर्चीपाशी गेले, हात पुढं केला आणि म्हणाले, “नाना, आज मी देऊ किल्ली?”

नानांनी मानही वळवली नाही. “तुझ्या हातात नको,” ते म्हणाले. “तुझ्या हातात काही टिकत नाही.”

झालं. बापाच्या तोंडून निघालेलं वाक्य पोरांना जन्मभर पुरतं, आणि वर घरातल्या बाकीच्यांनाही वापरायला मिळतं. पेला फुटला की ‘त्याच्या हातात काही टिकत नाही’. सायकलची साखळी तुटली, काढा वाक्य. गणितात नापास झाले तेव्हा तर हाताचा काय संबंध होता कोणास ठाऊक, पण तेव्हाही हातच निघाला. चष्म्याच्या दुकानात नोकरी लागली त्या दिवशी नाना एवढंच म्हणाले की काचेचं काम आहे, दुकानदाराचा विमा असेल अशी आशा करू या. सगळे हसले. दादाही हसले, कारण न हसण्याचा पर्याय त्यांना कोणी दिला नव्हता.

तर आता हे घड्याळ त्या हातात आलं, आणि दादांनी ठरवलं की नाना गेल्यावर का होईना, त्यांना खोटं पाडायचं. याला ते ‘घड्याळ नीट सांभाळणं’ म्हणत.

सांभाळण्याची सुरुवात त्यांनी दुकानातली सगळ्यात भारी चष्म्याची डबी आणून केली. आत मखमल होती. घड्याळ उचलून तीत ठेवताना आतून बारीक घर्र असा आवाज आला. दादांनी ते कानाशी नेलं, हळूच तिरपं केलं, पुन्हा घर्र. ज्याचं आयुष्य बारीक स्क्रूंमध्ये गेलं त्याला निदान करायला वेळ लागत नाही. आतला एक स्क्रू सुटून मोकाट फिरतो आहे, हे त्यांनी ओळखलं. म्हणजे धक्का लागला की संपलं. त्या दिवसापासून घड्याळ हातात घालणं बंद झालं. ते फक्त किल्ली देण्यापुरतं डबीतून निघे, तेही दोन्ही हातांनी, अंडं उचलावं तसं. चिंगीला, म्हणजे दादांच्या मुलीला, डबीजवळून पळायची मनाई झाली. चिंगीच्या आईनं, वहिनींनी, केर काढताना झाडू तिकडं न्यायचा नाही असं ठरलं. थोडक्यात, घड्याळाचे देव्हारे माजवण्यात काही कसर राहिली नाही.

मग त्याला चकाकी आणायची होती. दुकानात फ्रेमी चकाकवायचं कापडी चाक असतं, विजेवर गरगर फिरतं. दादांनी घड्याळाची पाठ त्या चाकाला लावली आणि मनापासून घासली. पाठीवर काही पुसट अक्षरं होती, आकडे होते, थोडा मळ होता. मळ गेला. अक्षरंही गेली. नंतर दुकानात आलेल्या एका हौशी गिऱ्हाइकानं सांगितलं की जुन्या घड्याळाचं कूळ शोधायचं तर पाठीवरचा आकडा बघायचा, त्यातच त्याचा जन्म लिहिलेला असतो. दादा घरी येऊन भिंग लावून बसले. पाठीत त्यांना स्वतःचा डोळा लख्ख दिसला. घड्याळाची ओळख पटवायला निघालेल्या माणसानं आधी त्याचं ओळखपत्र पुसून ठेवलं होतं.

तबकडीवरही फार काही नव्हतं. कंपनीचं नाव, तेही जरा वाकड्या अक्षरांत, आणि खाली नुसती पांढरी जागा. यावर दादांनी असा सिद्धांत काढला की वस्तू जितकी उंची तितकी ती कमी बोलते. दुकानात सांगता सांगता घड्याळाचा देश दोनदा बदलला, डेपोच्या मोठ्या साहेबानं ते नानांना स्वतःच्या हातातून काढून दिल्याची आठवणही कुठून तरी उगवली. ही आठवण घरात दुसऱ्या कोणालाच नव्हती, पण वारस म्हटला की त्याला थोडं जास्त आठवणारच.

रोज सकाळी दादा खिडकीपाशी खुर्ची ओढून बसू लागले. पहिल्या दिवशी आईचं बोट सवयीनं ओठांवर गेलं आणि घर थांबलं. दादांनी घड्याळाच्या कडेचं ते दातेरी बटण चिमटीत धरलं आणि फिरवलं. ते लोण्यासारखं फिरत राहिलं. कुठं अडणं नाही, घट्ट होणं नाही. दुसऱ्या कोणाला शंका आली असती. दादांना अभिमान वाटला. हलक्या घड्याळाच्या किल्लीला जोर लागतो, हे खानदानी आहे, असं त्यांनी रात्री वहिनींना समजावून सांगितलं.

चिंगी आठ वर्षांची होती. तिसऱ्या का चौथ्या सकाळी ती खुर्चीपाशी आली आणि हात पुढं करून म्हणाली, “बाबा, मी देऊ?”

“तुझ्या हातात नको,” दादांच्या तोंडून निघून गेलं. वाक्याचा पुढचा भाग त्यांनी दातांखाली अडवला, एवढं त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. चिंगीनं हात मागं घेतला आणि ती दप्तर भरायला गेली. दादांना आत कुठंतरी टोचलं, पण तोवर फेऱ्या मोजायच्या राहिल्या होत्या, आणि मोजणी चुकून चालणार नव्हतं.

असं इतकं जीव लावून सांभाळलेलं घड्याळ आठवड्याच्या आत बंद पडलं.

डबीतून काढलं की घटकाभर चाले, किल्लीच्या दुप्पट फेऱ्या दिल्या तरी पुन्हा डबीत जाऊन गप्प. बेबीला फोन गेला. ती आली, डबीपुढं बसली, रडली आणि तिनं निकाल दिला की घड्याळानं नानांच्या मागे प्राण सोडला. मुकं असलं म्हणून काय झालं, त्याला कळतं. ही बातमी नात्यात पसरली. लोक येऊन बंद घड्याळ बघू लागले आणि चहा पिऊन हळहळू लागले. जिवंतपणी नानांकडं इतकं कोणी आलं नव्हतं.

दादा सगळ्यांना डबी उघडून दाखवत आणि मान हलवत. पण मनातून त्यांना वेगळंच खात होतं. नानांच्या हातावर इतकी वर्षं चाललेलं घड्याळ आपल्या हातात आलं आणि मेलं. म्हणजे नाना बरोबर होते. मेलेला माणूससुद्धा बरोबर ठरतो, तेव्हा भांडायचं कोणाशी, हे दादांना कळेना. दुकानात एका बाईंच्या चष्म्याची काडी सरळ करायला आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी दुसऱ्याकडं दिली.

घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं म्हणतात. इथं घोडं जावयाच्या रूपानं आलं. बेबीचे यजमान शाळेत कवायत शिकवायचे. दिवसभर मुलांसमोर उभं राहून हात वर, हात पुढं, हात बाजूला. ती सवय घरीही सुटायची नाही. जावईबापू साखर मागायचे तरी दोन हात हवेत जायचे. एका रविवारी ते आले, विचारल्याशिवाय डबी उघडली आणि घड्याळ सरळ मनगटावर चढवलं. दादांचा जीव त्या सुट्या स्क्रूभोवती फिरू लागला. जावईबापूंनी मात्र शाळेच्या वार्षिक सामन्यांची हकीगत सुरू केली, आणि त्यात मुख्याध्यापक कसे पडले ते हातांनी करून दाखवलं, दोनदा. चहा संपेपर्यंत घड्याळ टिकटिक करत होतं.

मग बेबी भरल्या आवाजात म्हणाली की नानांनी यांना जावई कधी मानलंच नव्हतं, मुलगाच मानलं होतं. खरं पाहता नाना त्यांना शेवटपर्यंत ‘तो शिट्टीवाला’ म्हणायचे, आणि स्वतः जन्मभर शिट्टी फुंकलेल्या माणसाकडून ही काही शाबासकी नव्हती. पण अशा प्रसंगी खरं पाहायचं नसतं.

संध्याकाळी घड्याळ पुन्हा डबीत गेलं आणि दोन दिवसांत थंड झालं. पुढच्या रविवारी जावईबापूंच्या हातावर चढलं आणि पुन्हा टुणटुणीत. आता शंकेला जागा उरली नाही. जाताना बेबीनं दादांचा हात हातात घेतला आणि अगदी मऊ आवाजात सांगितलं, “हक्क तुझाच आहे रे दादा. पण घड्याळाचंही मन बघायला हवं ना? पुढच्या रविवारी आम्ही घेऊन जातो.”

कानामागून आला आणि तिखट झाला, असं दादा त्या रात्री वहिनींना म्हणाले. वहिनींनी विचारलं की घड्याळ दुरुस्तीला का नेत नाही. दादा म्हणाले, नानांचं घड्याळ मी परक्या माणसाला उघडू देणार नाही. हे कारण चांगलं होतं, पण खरं कारण दुसरं होतं. घड्याळवाल्यानं उघडून पाहिलं आणि सांगितलं की घड्याळात काही बिघाड नाही, तर मग बिघाड कशात आहे हे दादांना माहीत होतं.

पण रविवार जवळ येऊ लागला, तसा त्यांना राहवेना. आठवड्याच्या मध्यावर, दुकानाच्या जेवणाच्या सुट्टीत ते डबी छातीशी धरून नानांच्या जुन्या घड्याळवाल्याकडं गेले. जिन्याखालचं दुकान, भिंतीवर घड्याळंच घड्याळं, आणि त्यांतलं एकही दुसऱ्याशी सहमत नाही. घड्याळवाला हाताइतकाच तोंडानं काम करणारा. कोणाचं लग्न मोडलं, कोणाच्या पोराला नोकरी लागली, कोणी खोटं घड्याळ खरं म्हणून मिरवलं, सगळं त्याच्याकडं मिळायचं. त्यानं डबी उघडली आणि तो हसायलाच लागला.

“हे तर किल्लीवाल्या साहेबांचं,” तो म्हणाला. “आणि याची पाठ कोणी तासली?”

दादा म्हणाले की ती आधीपासून तशीच होती. घड्याळवाल्यानं त्यांच्याकडं एकदा पाहिलं आणि पाठ उघडली. आत एक अर्धगोल पत्रा खिळ्यावर डोलत होता. घड्याळवाल्यानं घड्याळ हलवलं, तसा तो घर्र करून फिरला. दादांचा सुटा स्क्रू तो हाच.

मग घड्याळवाल्यानं जे सांगितलं ते त्याच्या दृष्टीनं रोजचं होतं. हे घड्याळ ऑटोमॅटिक. हात हलला की हे वजन फिरतं, वजन फिरलं की स्प्रिंग आपोआप भरते. याला किल्ली लागत नाही. लागत नाही म्हणजे द्यायची सोयच नाही, कडेचं बटण बाहेर ओढून काटे लावायला आहे, नुसतं फिरवलं तर नुसतंच फिरतं. डबीत ठेवलं तर ते मरणारच, त्याला मखमलीचं काय करायचंय? हातात घाला, पाण्यापासून जपा, चार-पाच वर्षांनी आतलं तेल सुकतं तेव्हा साफ करून घ्या, आणि चकाकीच्या नादाला लागू नका.

दादांनी कसंबसं विचारलं की मग नाना रोज सकाळी काय करत होते.

“ते मला काय ठाऊक? किल्लीच्या फेऱ्या किती द्यायच्या, हे विचारायला ते पहिल्यांदा आले तेव्हाच मी सांगितलं होतं,” घड्याळवाला म्हणाला. “त्यांनी घड्याळ पुन्हा मनगटावर चढवलं. मग म्हणाले, सांगितलंत ते बरं झालं, आता आणखी कोणाला सांगू नका. पुढं एकदा ओल लागून तबकडी खराब झाली, ती मी रंगवून दिली. त्यावर ऑटोमॅटिक असं लिहिलेलं होतं ना, तेवढा शब्द त्यांनी समोर उभं राहून गाळायला लावला. मला वाटलं, असतो एकेकाचा स्वभाव.”

शेवटी शेवटी त्यांचा हात थरथरायला लागला होता, त्यानं तर घड्याळ आणखीच झकास चालायचं, असंही त्यानं वर सांगितलं आणि स्वतःच हसला.

दादा बाहेर पडले तेव्हा घड्याळ त्यांच्या मनगटावर होतं. पहिल्यांदा त्यांना काय वाटलं असेल, तर हलकं. दोष हाताचा नव्हता. कवायतीचे हात श्रेष्ठ नव्हते, नुसते जास्त हलत होते. मग रस्ता ओलांडता ओलांडता त्यांना राग यायला लागला. वर्षानुवर्षं एका माणसानं अख्ख्या घराला श्वास रोखायला लावला, आणि कशासाठी, तर नुसतं फिरणारं बटण फिरवायला. संध्याकाळपर्यंत रविवारचं भाषण तयार झालं. आधी ते घड्याळ उघडून दाखवणार होते, मग जावईबापूंना हात खाली ठेवायला सांगणार होते, आणि मग बेबीचा चेहरा बघणार होते. त्या चेहऱ्याच्या आशेवर त्यांनी दुपारी दोन चष्मे उलटे जोडले.

घरी आल्यावर मात्र त्यांना रविवारपर्यंत दम निघेना. वहिनी चिंगीला घेऊन बाहेर गेल्या होत्या. आई वाळलेले कपडे घड्या करत बसली होती. दादांनी तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं. आईच्या घड्या चालूच राहिल्या.

“माहीत आहे मला,” ती म्हणाली.

आईनं उशीचा अभ्रा झटकला आणि सांगितलं की एकदा नाना तापानं पडले होते, तेव्हा तिनं त्यांच्या उशाचं घड्याळ घेऊन किल्ली दिली होती. भिंतीवरच्या घड्याळाला तीच द्यायची ना, किल्ली भरली की बोटाला कळतं. हे नुसतंच फिरत होतं. तिनं ते परत उशाशी ठेवून दिलं.

“मग बोलली का नाहीस?”

“काय बोलायचं? डेपोत दिवसभर लोकांच्या शिव्या खायच्या. घरी आलं की मी, तुम्ही दोघं, तुझी आजी, दारात शेजारी. दोन खोल्यांत माणसानं गप्प बसायचं कुठं? नुसतं गप्प बसलं की सगळे विचारतात, काय झालं, काय झालं. हातात घड्याळ असलं की कोणी विचारत नाही.” तिनं अभ्रा गुडघ्यावर ठेवला. “आणि खरं सांगू? तेवढा वेळ मलाही मिळायचा. तुम्ही गप्प, तुझी आजी गप्प. चहा गरम असताना प्यायचे मी. दिवसातला तेवढा एकच.”

म्हणजे दोघांचंही अळीमिळी गुपचिळी. नाना आईला फसवत होते, आई फसत असल्याचं दाखवत होती, आणि ओठांवरचं ते बोट शिस्तीचं नव्हतं, चहाचं होतं. संसार म्हणतात तो बहुतेक हाच.

दादांना हसू यायला हवं होतं. आलं नाही. “आणि माझा हात?” ते म्हणाले. “तो कशापायी बदनाम केलात?”

आईचे हात आता थांबले. “तू त्या दिवशी हात पुढं केलास,” ती म्हणाली. “तुला दिलं असतं तर दोन फेऱ्यांत ओरडला असतास, नाना, हे तर नुसतंच फिरतंय. घाबरले रे ते. तोंडाला आलं ते बोलून गेले. रात्री मला म्हणाले, पोराला उगाच बोललो. मी म्हटलं, मग तसं त्याला सांगा. सांगेन म्हणाले.”

“सांगितलं नाही.”

“नाही,” आई म्हणाली. “रोज सांगणार होते. आणि नंतर सगळेच ते वाक्य म्हणायला लागले, मीसुद्धा.”

दादा उठले आणि तोंड धुवायला गेले. बराच वेळ धूत होते. त्यांना नानांचा संताप आला होता आणि त्याच वेळी, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, त्या खिडकीपाशी पाठ करून बसलेल्या माणसाची दयाही आली होती. दोन्ही एकदम येतात तेव्हा माणसाला तोंड धुण्याखेरीज काही सुचत नाही.

रविवारी बेबी आणि जावईबापू वेळेआधी आले. घड्याळासाठी त्यांनी नवी पेटी आणली होती, तिला बारीक कुलूपसुद्धा होतं. बेबी भावनेनं भरून बोलायला सुरुवात करणार, तेवढ्यात तिला दादांच्या मनगटावर घड्याळ दिसलं. टिकटिक करत होतं. तिनं कान लावून खात्री करून घेतली. जावईबापूंचे हात पहिल्यांदाच खाली आले.

बेबीनं विचारलं, हे कसं झालं. आता भाषणाची वेळ होती. दादांच्या जिभेवर सगळं होतं, तो डोलणारा पत्रा, तो गाळलेला शब्द, कवायतीचं मर्म. त्यांनी आईकडं पाहिलं. आई कपात चहा ओतत होती आणि चहाखेरीज कशाकडंही बघत नव्हती. त्यांनी बेबीकडं पाहिलं. नानांच्या सकाळच्या शांततेबद्दल ती आजही लोकांना सांगते, आणि सांगताना तिचा चेहरा लहान मुलीसारखा होतो.

“किल्ली द्यायची माझी पद्धत चुकत होती,” दादा म्हणाले. “आता जमली.”

बेबी पुन्हा रडली आणि म्हणाली की नानांनी तुला शेवटी माफ केलं. हे गिळायला अवघड होतं. कोणी कोणाला माफ करायला हवं होतं याचा सगळा हिशेब दादांच्या मनगटावर टिकटिकत होता. त्यांनी ते चहाबरोबर गिळलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि ही मूठ तर दोन पिढ्यांनी झाकली होती. जावईबापूंनी पद्धत नेमकी काय ते विचारलं, तेव्हा दादांनी गंभीरपणे सांगितलं की ते हाताचं काम आहे, सांगून येत नाही. पेटी रिकामीच परत गेली.

सोमवारी सकाळी दादांनी खिडकीपाशी खुर्ची ओढली आणि घराकडं पाठ करून बसले. बसायची गरज नव्हती हे त्यांना माहीत होतं. पण दुकानात दिवसभर लोकांचे चेहरे शोभवायचे होते, आणि खिडकीबाहेर सकाळ तशी बरी होती. आईचं बोट ओठांवर गेलं. घर थांबलं. स्वयंपाकघरात स्टूल सरकल्याचा आवाज आला आणि मग वहिनींनी चहावर हळूच फुंकर घातल्याचा. वहिनींना यातलं किती माहीत आहे हे दादांना ठाऊक नाही. त्या विचारत नाहीत, एवढं मात्र त्या सकाळी त्यांच्या लक्षात आलं.

थोड्या वेळानं पाठीमागं कोणीतरी उभं असल्यासारखं वाटलं. चिंगी होती. तिनं हात पुढं केला नव्हता. दोन्ही हात पाठीशी बांधून ती नुसती बघत होती. एकदा विचारून झालं होतं, आता ती पुन्हा विचारणार नव्हती. दादांना ते पाहून जे झालं ते कुठल्याच घड्याळवाल्याला दुरुस्त करता आलं नसतं.

त्यांनी तिचा एक हात पाठीमागून सोडवला आणि तळव्यावर घड्याळ ठेवलं. “दे किल्ली,” ते म्हणाले.

चिंगीनं बटण चिमटीत धरलं, जीभ दातांत धरली आणि फिरवलं. पुन्हा फिरवलं. मग तिच्या कपाळाला आठी पडली.

“बाबा,” ती म्हणाली, “हे तर नुसतंच फिरतंय.”

“हो,” दादा म्हणाले. “हळू बोल.”

चिंगीनं त्यांच्याकडं पाहिलं, मग ओठांवर बोट ठेवून बसलेल्या आजीकडं पाहिलं, मग स्टूलवर पाय वर घेऊन बसलेल्या आपल्या आईकडं. तिला किती कळलं कोण जाणे, पण तिनं बटण फिरवणं थांबवलं नाही. दादांनी खुर्चीवर सरकून तिला जागा करून दिली.

“चांगलं जमतंय तुझ्या हाताला,” ते म्हणाले, आणि मग दोघंही गप्प बसले.